पार्सल कुठल्या राज्यात चाललंय? अमेरिकेत ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी सेल्स टॅक्सचा हिशोब

माझे बाबा जांभळी नाक्यावर कापडाचं दुकान चालवायचे. मुंबईला माल पाठवायचा तर टेम्पो मुलुंडच्या जकात नाक्यावर थांबायचा आणि तिथे पहिला प्रश्न ठरलेला असायचा: माल कुठे चाललाय? कुणाचा आहे, कितीचा आहे, ते नंतर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. पण तोच प्रश्न आज मी नौपाड्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये रोज सकाळी विचारते, कारण माझं निम्मं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे आणि तिथे प्रत्येक राज्याचा नाका वेगळा आहे.

मी शिवलेल्या नऊवारी, मुलींची परकर-पोलकी आणि पैठणीच्या काठाच्या पर्स विकते. चार ताया शिवतात, मी कापणी, हिशोब आणि पॅकिंग बघते. ठाणे, डोंबिवली, वाशी, पनवेल या पट्ट्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत: कुणी दिवाळीचा फराळ पाठवतं, कुणी पितळेच्या समया, कुणी गौरीचे मुखवटे. सगळ्यांचा एकच समज असतो, तोच माझाही होता. आपण निर्यात करतो, निर्यातीवर जीएसटी शून्य, म्हणजे कराचा विषय संपला. भारताच्या बाजूने ते खरंच आहे. पण अमेरिकेच्या बाजूला विषय तिथून सुरू होतो, आणि तो मी पदरचे पैसे घालून शिकले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी मुळातली गोष्ट. आपल्याकडच्या जीएसटीसारखा देशभराचा एक विक्रीकर अमेरिकेत नाही. केंद्र सरकार विक्रीवर कर लावतच नाही. तो लावतात राज्यं, आणि राज्याच्या वर काऊंटी (राज्यातला एक विभाग), शहर, कधीकधी एखादा स्थानिक जिल्हासुद्धा आपला वाटा चढवतो. ४५ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी.मध्ये हा कर आहे. ओरेगॉन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर आणि अलास्का या पाच राज्यांचा राज्यपातळीवर सेल्स टॅक्स नाही, पण अलास्कात गावं आपापला कर घेतात. कर वसूल करणाऱ्या छोट्या-मोठ्या हद्दी मोजल्या तर देशभरात दहा हजारांवर जातात. आपल्याकडे ठाण्याहून पुण्याला माल गेला तर सीजीएसटी-एसजीएसटी, सुरतला गेला तर आयजीएसटी, पण वस्तूचा एकूण दर तोच राहतो. तिथे नदी ओलांडली की दर बदलतो.

कर भरतो गिऱ्हाईक. विकणाऱ्याने तो गोळा करायचा आणि राज्याला द्यायचा. पण परगावच्या विकणाऱ्याला हे काम सांगायचा राज्याला हक्क आहे का, यावर तिथे पन्नास वर्षं वाद चालला. १९९२ साली क्विल नावाच्या, ऑफिसचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यात तुमचं दुकान, गोदाम, माणूस असं काही प्रत्यक्ष असेल तरच राज्य तुमच्याकडून वसुली मागू शकतं. मग ऑनलाइन विक्री वाढली आणि राज्यांची तिजोरी गळायला लागली. साउथ डकोटा या छोट्या राज्यात तर व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यांची सगळी भिस्त विक्रीकरावर. त्यांनी कायदा केला, फर्निचर विकणाऱ्या वेफेअर या कंपनीवर खटला भरला, आणि २१ जून २०१८ ला ५ विरुद्ध ४ अशा मतांनी न्यायालयाने जुना नियम मोडीत काढला. आता राज्यात तुमचं खिळाभरही सामान नसलं तरी, तिथे पुरेशी विक्री केलीत की राज्य म्हणतं, तुमचे आमच्याशी लागेबांधे आहेत. या लागेबांध्यांना तिथे नेक्सस म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा, तो सगळीकडे भेटेल.

हा नियम परदेशी विक्रेत्यालाही लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे तो उत्पन्नावरच्या करासाठी, राज्यांच्या विक्रीकरापासून तो वाचवत नाही. हे मला एका जाणत्या सीए बाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, इतका माझा विश्वास बसेना.

पहिलं काम: विक्रीचे दोन ढीग करा

एक्सेलची नवी शीट उघडा. एका ढिगात मार्केटप्लेसवरची विक्री, म्हणजे ॲमेझॉन, एट्सी, ईबे. दुसऱ्यात तुमची स्वतःची: स्वतःची वेबसाइट, इन्स्टाग्रामवर मेसेज करून आलेली ऑर्डर, व्हॉट्सॲपवर "काकू, जांभळ्या रंगात आहे का" असं विचारून पेपालने पैसे पाठवणारी भाची. हे सगळं दुसऱ्या ढिगात.

पहिल्या ढिगाची काळजी खूप कमी. विक्रीकर असलेल्या सगळ्या राज्यांनी आता कायदा केलाय की मार्केटप्लेसवरच्या विक्रीचा कर मार्केटप्लेसनेच गोळा करायचा आणि त्यानेच भरायचा. त्यांच्या महिन्याच्या अहवालात तो वेगळा दिसतो. तो तुमच्या हातात येत नाही, त्याला हात लावू नका, विक्रीतही धरू नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने वर्षभर तो आकडा स्वतःची विक्री म्हणून लिहिला होता, तिचा इकडचा हिशोब त्यामुळे फुगला.

पण या ढिगाचा कागद जपून ठेवा. लागेबांध्यांची मर्यादा मोजताना काही राज्यं मार्केटप्लेसची विक्रीही धरतात, काही धरत नाहीत. नोंद असेल तर दोन्ही प्रकारे मोजता येतं.

दुसऱ्या ढिगात प्रत्येक ऑर्डरसमोर पाच रकाने: तारीख, राज्य, झिप कोड (तिथला पिनकोड), वस्तू, रक्कम. रकमेत पोस्टेज वेगळं लिहा, ते पुढे लागणार आहे. राज्य म्हणजे पैसे देणाऱ्याचं नव्हे, पार्सल जिथे उतरणार तिथलं. सिएटलची आत्या ह्यूस्टनच्या पुतणीला वाढदिवसाला परकर-पोलकं पाठवते, तेव्हा ती ऑर्डर टेक्सासची. ही शीट पहिल्या पार्सलपासून भरा. मी तीन वर्षांचं मागून भरलं, कुरियरच्या पावत्या पसरून, आणि तो गणपतीचा हंगाम होता.

दुसरं काम: राज्यात तुमचं काही "पडलंय" का, ते बघा

इथेच मी फसले. २०२० मध्ये माझी नणंद म्हणाली, "वहिनी, एकेक पर्स ठाण्याहून कशाला पाठवतेस? दोन खोकी माझ्याकडे टाक, ऑर्डर आली की मी पोस्टात देईन." ती न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिचं गॅरेज मोठं, मन त्याहून मोठं. पोस्टेज वाचलं, गिऱ्हाइकाला तीन दिवसांत पर्स मिळायला लागली, विक्री वाढली. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार.

२०२३ मध्ये तिकडच्या एका बुटीकवालीने ठोक भावात तीस पर्स मागितल्या आणि पुनर्विक्रीचा फॉर्म पाठवून विचारलं, तुमची न्यू जर्सीत नोंदणी आहे ना? मी म्हटलं, कसली नोंदणी? तिनेच समजावलं. विक्रीसाठीचा माल राज्यात ठेवला की त्याच दिवशी लागेबांधे जुळले. मग विक्री एक डॉलरची असो की लाखाची, मर्यादेचा प्रश्नच येत नाही. कोर्टाने २०१८ मध्ये प्रत्यक्ष काही असण्याची अट काढली, पण प्रत्यक्ष माल असला तर लागेबांधे आजही जुळतातच, दोन्ही सोबत चालतात. गॅरेज भावाचं असो, नणंदेचं असो किंवा मोठ्या कंपनीचं गोदाम असो, माल तुमचा आहे ना, मग झालं.

त्या रात्री मी आणि माझ्या मिस्टरांनी बसून मोजलं. त्या गॅरेजमधून न्यू जर्सीतच गेलेल्या पर्स २१२, प्रत्येकी ४८ डॉलर, पोस्टेज धरून. एकूण १०,१७६ डॉलर. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के. म्हणजे एका पर्समागे ३ डॉलर १८ सेंट, सगळे मिळून ६७४ डॉलर १६ सेंट. तेव्हाच्या भावाने साधारण ५६ हजार रुपये, वर व्याज. गिऱ्हाइकांकडून मी हा कर कधी मागितलाच नव्हता, आणि तीन वर्षांनी कुणाच्या दाराशी जाऊन तीन डॉलर मागणार? खिशातून गेले. चार तायांचा दिवाळीचा बोनस मी त्या वर्षी दोन हप्त्यांत दिला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र आम्ही वेळेवर केली. राज्याची नोटीस यायच्या आत आपण होऊन कळवलं. बहुतेक राज्यांत अशी स्वेच्छेने कबुली देण्याची योजना असते. त्यात मागची किती वर्षं उकरायची याला मर्यादा घालतात आणि दंड बहुधा माफ करतात. पण आधी त्यांचं पत्र आलं तर हे दार सहसा बंद होतं. म्हणून तुमच्या मालाची खोकी कुणा नातेवाइकाकडे असतील तर आज संध्याकाळीच फोन करा: किती नग आहेत, कधीपासून आहेत, त्यातले त्याच राज्यात किती गेले.

स्टॉललाही हेच लागू. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात तुमच्या वतीने मैत्रिणीने टेबल मांडलं, तर त्या राज्यात तुम्ही प्रत्यक्ष विक्री केली. कॅलिफोर्नियात अशा दोन दिवसांच्या विक्रीसाठीही तात्पुरता परवाना काढावा लागतो.

तिसरं काम: मर्यादा मोजा

राज्यात काही पडलेलं नसेल तर मग आकड्यांचा प्रश्न. बहुतेक राज्यांत वर्षाला १ लाख डॉलर विक्री ही रेघ आहे. फ्लोरिडात तीच. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये ५ लाख. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख डॉलर आणि शिवाय शंभराहून जास्त ऑर्डर, दोन्ही एकत्र झाल्या तरच. हे ऐकून घरगुती विक्रेती म्हणते, माझी विक्री कुठे लाख डॉलर! बरोबर आहे, माझीही नाही.

पण काही राज्यांत "किंवा" असतो. न्यू जर्सीत १ लाख डॉलर किंवा २०० ऑर्डर. आणि हा "किंवा" आपल्यासारख्यांच्या मुळावर येतो. चाळीस डॉलरच्या पर्सच्या दोनशे ऑर्डर म्हणजे फक्त ८,००० डॉलर. फर्निचर विकणाऱ्या कंपनीला दोनशे ऑर्डर म्हणजे मोठा धंदा, राख्या विकणाऱ्या बाईला एक श्रावण. ज्या साउथ डकोटाने ही दोनशेची रेघ आधी आखली त्याने २०२३ मध्ये ती स्वतःच पुसली, आणखीही राज्यांनी पुसली. सगळ्यांनी नाही. म्हणून शीटमध्ये रकमेसोबत ऑर्डरींची संख्या हवीच. मी प्रत्येक राज्याच्या रकान्याला दीडशेवर पिवळा रंग लावलाय.

वर्ष कसं मोजायचं यातही फरक आहे. कुठे चालू किंवा मागचं कॅलेंडर वर्ष, कुठे मागचे बारा महिने, कुठे मागच्या चार तिमाह्या. आपलं एप्रिल ते मार्च इथे कामाचं नाही. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते बघू नका. प्रत्येक राज्याच्या महसूल खात्याची साइट आहे, तिथे "रिमोट सेलर" असं शोधलं की आजची मर्यादा मिळते. दर सहा महिन्यांनी पुन्हा बघते मी.

एकच नऊवारी, पाच गावं

समजा तुमचे या पाचही राज्यांत लागेबांधे आहेत. १८० डॉलरची एक शिवलेली नऊवारी पाच बहिणींना गेली.

एडिसनच्या बहिणीला कर शून्य, कारण न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही. न्यूयॉर्क शहरातल्या बहिणीला दर ८.८७५ टक्के. तिथे ११० डॉलरच्या आतला कपडा करमुक्त असतो, पण एकदा ११० गाठले की सगळ्या रकमेवर कर, म्हणून १५ डॉलर ९८ सेंट. बॉस्टनच्या बहिणीला मॅसॅच्युसेट्सचा नियम: १७५ डॉलरपर्यंत माफ, आणि वरच्या फक्त पाच डॉलरवर ६.२५ टक्के, म्हणजे ३१ सेंट. डॅलसमध्ये कपड्याला सूट नाही, ८.२५ टक्क्यांनी १४ डॉलर ८५ सेंट. पोर्टलंडच्या बहिणीला ओरेगॉनमुळे शून्य.

आता त्याच एडिसनच्या बहिणीने सोबत पर्स घेतली तर पर्सवर कर लागतो. न्यू जर्सीच्या व्याख्येत पर्स आणि दागिने हे कपडे नव्हेत, ॲक्सेसरी. मला माझ्या २१२ पर्सचा कर भरावा लागला आणि त्याच गॅरेजमधून गेलेल्या शंभरेक नऊवारींवर एक सेंटही नाही, त्याचं कारण हेच. तुमच्या प्रत्येक वस्तूपुढे "कपडा, ॲक्सेसरी, दागिना, खाद्यपदार्थ, पूजासाहित्य" असा प्रकार लिहा आणि ज्या राज्यात नोंदणी आहे त्या राज्याची यादी त्याला लावून बघा. अंदाजाने करू नका, या याद्या फार बारीक असतात. वेफेअरच्या खटल्यात विरोधी मत लिहिताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच उदाहरण दिलं होतं: न्यू जर्सीत स्वेटर विणायला घेतलेल्या लोकरीवर कर नाही, पण तीच लोकर कलाकुसरीला घेतली तर आहे. क्रोशाची तोरणं करणाऱ्यांनी हे वाचून जरा थांबावं.

पोस्टेजचंही तसंच. न्यू जर्सीत वस्तू करपात्र असेल तर तिच्या पोस्टेजवरही कर. कॅलिफोर्नियात पोस्टेज बिलात वेगळं दाखवलं, पोस्टाने किंवा कुरियरने पाठवलं आणि खर्चापेक्षा जास्त लावलं नाही, तर त्यावर कर नाही. म्हणून म्हटलं, रकाना वेगळा ठेवा. "फ्री शिपिंग" लिहून किंमत वाढवली की कॅलिफोर्नियात गिऱ्हाइकाला विनाकारण जास्त कर पडतो.

नोंदणी आणि वसुली

क्रम महत्त्वाचा: आधी नोंदणी, मग वसुली. नोंदणी नसताना गिऱ्हाइकाच्या बिलात "टॅक्स" अशी ओळ घालू नका. आणि गोळा केलेला कर भरला नाही तर तो गुन्हा ठरतो, कारण ते पैसे राज्याचे, तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलेले. माझ्या टॅलीत त्याचं वेगळं खातं आहे, "अमेरिका सेल्स टॅक्स देणे", देण्यांच्या बाजूला. ते विक्रीत मिसळत नाही, आणि हंगामात कापड घ्यायला पैसे कमी पडले तरी त्याला हात लावत नाही.

नोंदणीसाठी बहुतेक ठिकाणी ईआयएन हा अमेरिकन ओळख क्रमांक उपयोगी पडतो. तो आयआरएस हे तिथलं केंद्रीय कर खातं फुकट देतं. एसएस-४ नावाचा फॉर्म आहे. ज्यांच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही अशा परदेशी अर्जदारांना तो फोनवर किंवा फॅक्सने मिळतो. मी आपल्या वेळेने संध्याकाळी फोन केला, फॉर्म आधीच भरून समोर ठेवला होता, बाईंनी एकेक ओळ विचारली. जागेवर क्रमांक मिळाला. यासाठी पैसे मागणारे दलाल भरपूर आहेत, त्यांची गरज नाही.

मग त्या राज्याच्या साइटवर नोंदणी. बहुतेक राज्यांत ती फुकट आहे. एकापेक्षा जास्त राज्यं असतील तर स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स ही व्यवस्था बघा, २४ राज्यं तिच्यात आहेत आणि एकाच अर्जात त्यांची नोंदणी होते. न्यू जर्सी त्यात आहे, कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्क नाहीत. नोंदणीआधीच बघून घ्या की कर भरायचा कसा, काही पोर्टल अमेरिकन बँक खातं मागतात आणि कार्डने भरलं तर वर शुल्क लागतं.

वेबसाइटवर कर फक्त नोंदणी असलेल्या राज्यांपुरता चालू करा आणि दर पूर्ण पत्त्यावरून काढू द्या, नुसत्या झिप कोडवरून नको. एकाच झिपमध्ये दोन शहरांच्या हद्दी येऊ शकतात. टेक्सासने बाहेरच्या विक्रेत्यांना सगळ्या राज्यासाठी एकच स्थानिक दर निवडायची सोय दिलीय, तिथे विक्री असेल तर ती घ्या.

गिऱ्हाइकं विचारतील. मला मागच्या गणपतीत एका ताईंनी लिहिलं, "गेल्या वर्षी तर टॅक्स नव्हता, या वर्षी का?" मी सरळ सांगितलं: ताई, तो माझ्याकडे राहत नाही, तुमच्याच राज्याला जातो, आणि विकणाऱ्याने घेतला नाही तरी कायद्याने तो घेणाऱ्याने स्वतः भरायचा असतो, त्याला तिथे यूज टॅक्स म्हणतात. त्यांनी ऑर्डर दिली.

बुटीक किंवा दुकानाला ठोक विकताना कर घ्यायचा नाही, पण त्यांच्याकडून पुनर्विक्रीचं प्रमाणपत्र घेऊन फाईलला लावायचं. कागद नसेल तर तपासणीत तो कर तुमच्या माथी. मंडळाने नाटकासाठी साठ फेटे मागवले आणि "आम्ही धर्मादाय संस्था आहोत" म्हटलं, तरी त्या राज्याचं करमाफीचं प्रमाणपत्र मागा. केंद्राची धर्मादाय मान्यता असली म्हणून राज्याचा विक्रीकर आपोआप माफ होत नाही. मागताना संकोच वाटतो, मलाही वाटला, पण खजिनदार काकांनी दुसऱ्या दिवशी पाठवलं.

आपल्या बाजूचं थोडक्यात, कारण हे तुमचे सीए करतातच: आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, हवाच. त्याची माहिती दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन पक्की करायची. जीएसटी न भरता निर्यात करायची तर आर्थिक वर्ष सुरू होताना एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र, भरायचं. आणि सीमाशुल्क हा तिसराच विषय. ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला अमेरिकेत शुल्क लागत नसे, ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. गिऱ्हाइकं त्याला आणि सेल्स टॅक्सला एकच समजतात. बिलावर दोन वेगळ्या ओळी ठेवा.

राहता राहिलं रिटर्न. राज्य ठरवेल त्याप्रमाणे मासिक, तिमाही किंवा वार्षिक. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचं, न भरल्याचा दंड शून्यावरही लागतो. न्यू जर्सीचं माझं तिमाही आहे, तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत. वर्कशॉपच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर ३१ मार्चला एलयूटी लिहिलंय, २० एप्रिलला न्यू जर्सी, आणि दोन्हींच्या अलीकडे-पलीकडे पाडव्याच्या ऑर्डरी. नणंदेच्या गॅरेजात अजूनही दोन खोकी आहेत. फरक इतकाच की आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती नग मोजून फोटो पाठवते आणि मी शीटमध्ये आकडा जुळवते.